सिस्टरच्या पिंपाला ताप

अख्ख्या रत्नागिरीत कातळावर माती तयार करणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. आता खरं सांगायचं तर माती तयार करायची आमची सिस्टर. मी नुसतं पिंप फिरवायचो, आणि तेसुद्धा सुरुवातीला उलट्या बाजूने.

मी गजा. रिक्षा चालवतो. शाळेत चौथीपर्यंत होतो, मग मास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, याला रिक्षा घेऊन द्या, याचं तोंड वर्गात मावत नाय. सिस्टर आमच्या शेजारची. सरकारी इस्पितळात जन्मभर नर्स होती. लग्न केलंन नाय. रिटायर झाली तरी नाव सिस्टरच राहिलं. तोंडावर मी तिला अहो-जाहो करतो, पण आत्ता ती इथे नाय म्हणून अगं-तुगं चाललंय. तुम्ही कोणी सांगायला जाऊ नका.

तर ही सिस्टर सकाळी उठली की देवाला नमस्कार करायच्या आधी परसात जायची, तिथल्या एका निळ्या पिंपाच्या पोटावर हात ठेवायची आणि विचारायची, "काय, ताप आहे का आज?"

पिंपात काय, तर भाजीची देठं, चहाचा चोथा, शेण आणि झाडाखालून गोळा केलेला सुका पातेरा. ते सगळं आत कुजायचं आणि त्याची माती व्हायची. कुजायला लागलं की आत गरम होतं, आणि जेवढं गरम तेवढी माती लवकर, असं सिस्टरने मला समजावलंन. म्हणजे बघा, जन्मभर लोकांचे ताप उतरवलेन आणि म्हातारपणी ताप चढवायला बसली. पिंपाला ती पेशंट म्हणायची. पातेरा घालायचा तो पथ्य म्हणून, शेणाचं पाणी द्यायचं ते सलाईन. पिंपाच्या खालच्या तोटीतून काळं पाणी आलं की मला विचारायची, "गजानन, पोट साफ झालं का?" माझं का पिंपाचं, हे मला सुरुवातीला कळायचं नाय, म्हणून मी दोघांचं सांगून टाकायचो.

एकदा दुपारी ती आमच्या मधल्या दगडी गडग्यावरून ओरडली, "गजानन, लवकर ये, पेशंट थंड पडलाय." माझी बायको सुलू चुलीवरचा भात उतरवून, डोक्यावर पदर घेऊन रडतच बाहेर आली. मग पिंप बघितलंन आणि मला म्हणाली, "आता खरंच कोणी गेलं तरी मी यायची नाय."

मातीची एवढी घाई कशाला, ते सांगतो.

आमची वाडी सड्यावर. सडा म्हणजे सपाट कातळ, जिकडे बघाल तिकडे जांभा. आमच्याकडे घराला पाया खणावा लागत नाय, पण झाड लावायचं तर सुरुंग लावावा लागतो. अशा जागेवर सिस्टरने दोन खोल्या बांधल्यान. एक स्वतःला आणि एक चंद्रामावशीला.

चंद्रामावशी म्हणजे सिस्टरच्याच वॉर्डातली आया. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाय. सिस्टरने सुया टोचायच्या, मावशीने पेशंटच्या कॉटखालची भांडी उचलायची, आणि रात्रपाळीला दोघींनी एका कपातला चहा बशीत वाटून प्यायचा. रिटायर झाल्यावर एकत्र राहायचं, हे दोघींचं ठरलेलं. पण घराला रंग लागायच्या आधीच मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. लांज्याला पुतण्या आहे, त्याने नेलंन. पुतण्या चांगला, पण त्याला विरारला नोकरी लागली. गणपती झाले की बिऱ्हाड हलवणार होता. मावशीला पण नेणार होता, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाय. म्हणजे एकदा वर गेली की खाली यायची ती चौघांच्या खांद्यावरूनच.

शिमगा झाल्यावर मी सिस्टरला रिक्षाने लांज्याला नेलं. सिस्टरने सरळ विचारलंन, चल माझ्याकडे. मावशीचं तोंड जरा वाकडं झालंय, पण जीभ सरळ. ती म्हणाली, "येईन की. तुझ्या कातळावर अबोली फुलली की येईन. आणि बाई, विकतची माती चालायची नाय. तिथेच झालेली हवी."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. सिस्टरने पर्समधून चष्मा काढून लावलान, जसं काय डॉक्टरने औषध लिहून दिलंन.  येताना पालीजवळ आल्यावर म्हणाली, "गजानन, मोठं पिंप कुठे मिळेल?"

कातळात खड्डा मारता येत नाय, आणि उघड्यावर ढीग केला तर कुत्री, कोंबड्या आणि माकडं पंगत मांडतात. म्हणून पिंप. पहिलं पिंप आडवं ठेवून जमिनीवर लोळवायचं, असं सिस्टरने ठरवलंन, म्हणजे आतलं आपोआप वरखाली होईल. हवेसाठी भोकं पाडायचं काम माझ्याकडे आलं. सिस्टरने सांगितलंन, करंगळी जाईल एवढी पाड. कोणाची करंगळी, ते सांगितलंन नाय. मी माझी धरली. सिस्टर म्हणाली, "ही करंगळी आहे का केळं? पेशंट गळायला लागला." मग आतून जुनी मच्छरदाणी लावली.

दुसऱ्या दिवशी मी पिंप लोळवलं. आता सडा सपाट, पण सिस्टरचं परस सड्याच्या टोकाला, आणि तिथून खाली पायऱ्यांची पाखाडी. पिंप माझ्या हातातून सुटलं ते पाखाडीने निघालं. मी मागून, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," आणि माझ्या मागून सिस्टर, "धर रे, त्याला दणका बसेल." मला बसला तर चालणार होता.

पाखाडीच्या तळाला ज्यांचं घर, त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोहे नुकतेच बाहेर आलेले. पिंप पुढच्या अंगणात, खळ्यात शिरलं, तुळशीला वळसा घातलान आणि पडवीच्या पायरीवर फुटलं. आतला पेशंट बाहेर. कुजक्या कोबीचा वास काय असतो, ते तुम्हाला मी सांगत नाय, तुम्ही जेवणार असाल.

लग्न जमलं. मुलाकडचे म्हणाले, एवढा प्रकार झाला तरी मुलीने हातातला ट्रे हलू दिलान नाय, अशी सून मिळायची नाय. मी त्या लग्नात मानाने जेवलो. सिस्टरला मात्र मुलीच्या आईने सांगितलंन, तुमचं पिंप बांधून ठेवा.

म्हणून मग दुसरं, बांधून ठेवलेलं पिंप झालं. वेल्डरकडून लोखंडी घोडा करून घेतला, माझ्या जुन्या रिक्षाचा दांडा पिंपातून आरपार घातला, आणि वर एक हॅंडल. आता पिंप जागच्या जागी गोल फिरणार. आत तिरक्या पट्ट्या लावल्या, म्हणजे माल उचलून खाली पडेल. मधून भोकं पाडलेला पाइप घातला, तो ऑक्सिजन. हे सगळं सिस्टरने डोक्यातून काढलंन, मी फक्त घाम काढला. आणि त्या पट्ट्या एकाच बाजूने फिरवायच्या असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी जोर लावून उलटं फिरवत राहिलो आणि सगळा माल एका कोपऱ्यात जाऊन बसला, मधल्या पाइपची हवा त्याला मिळेना. सिस्टर म्हणाली, "तू नर्सिंगला आला असतास तर स्मशानवाल्यांनी तुझा सत्कार केला असता."

मग आला तापाचा प्रश्न. सिस्टरने आपला इस्पितळातला थर्मामीटर पिंपात घातलान. तो माणसांचा. थोडा वेळ आकडे पळाले आणि मग नुसतं एक इंग्रजी अक्षर येऊन बसलं. मला वाटलं बिघडला. सिस्टर टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, याचा अर्थ एवढा ताप माणसाला येतच नाय. पण किती ते कळेना. मग तिने एक लोखंडी सळई आणलीन. ती पिंपात खुपसून ठेवायची, जरा वेळाने ओढून काढायची आणि कोणीतरी मुठीत धरायची. धरवली नाय तर उत्तम, कोमट लागली तर पेशंट अशक्त, थंड लागली तर बोंब.

कोणीतरी म्हणजे कोण, ते तुम्हाला कळलंच. सिस्टरच्या हाताची कातडी पातळ झालीय, म्हणून थर्मामीटर मी. आणि कधी मी म्हटलं की थंड लागते, तर ती म्हणायची, "तुझाच हात थंड असेल. चहा पी आणि परत धर." मला धड वाचता येत नाय हे तिला माहीत, म्हणून रोजचा रिपोर्ट ती पिंपावर खडूने चेहरा काढून लिहायची. हसरा असला की मी निवांत धंद्यावर जायचो. रडका असला की पातेरा गोळा करायला.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नव्हती. अबोलीसाठी वाफा बांधायचा होता. कोणीही शहाणा माणूस तो पुढे बांधेल, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. सिस्टरने बांधायला लावलान तो मागे, रिकाम्या खोलीच्या खिडकीखाली, जिथे कुत्रं पण फिरकत नाय. आणि उंची केवढी, तर माझ्या कमरेच्या वर. मी म्हटलं, सिस्टर, अबोली लावायची का बैल बांधायचा? एवढा उंच केलात तर माती किती लागेल? जांभ्याचे दोन चिरे कमी करा, अर्ध्या मातीत काम होईल, पाऊस तोंडावर आलाय. तिने ऐकलंन नाय. खोलीत लोखंडी कॉट होती, त्यावर ती स्वतः आडवी झाली आणि आतून मला ओरडून सांगायला लागली, "अजून एक चिरा. अजून एक. गजानन, अजून एक." मी बाहेर चिरे रचतोय आणि ही आत झोपून हुकूम सोडतेय. मी सुलूला म्हटलं, सिस्टरच्या डोक्यावर परिणाम झाला. सुलू म्हणाली, "तुझ्या संगतीत कोणाच्याही होईल."

खाली दगड आणि नारळाची सोडणं भरली, तरी वर हातभर जागा राहिली. ती पिंपातल्या मातीने भरायची होती.

आणि नेमकं तेव्हाच लांज्याहून पुतण्याचा फोन आला, मावशी जेवत नाय. सिस्टर पिशवी भरून एसटीने निघाली. जाताना मला म्हणाली, "पेशंट तुझ्या ताब्यात. थोडं थोडं घाल. आणि डोकं चालवू नकोस."

मी डोकं चालवलं.

माझा हिशोब सरळ होता. जास्त घातलं की जास्त माती. काजूचा हंगाम चालू होता. काजूची बी काढून घेतली की वरचं रसाळ फळ, म्हणजे बोंडू, बागांत नुसतं सडत पडतं, कोणी विचारत नाय. मी एका ओळखीच्या बागेतून पोती भरभरून बोंडू आणले आणि पिंप गळ्यापर्यंत भरलं. चिलटं यायला लागली, म्हणून भोकांत चिंध्या कोंबल्या. पातेरा घालायला जागाच उरली नाय, म्हणून घातला नाय. मग झाकण लावलं आणि खडूने मी स्वतः एक मोठा हसरा चेहरा काढला.

दोन दिवसांनी पिंप बोलायला लागलं. आतून बुडबुड, बुडबुड. तोटीतून फेस. आणि वास असा की वाडीतले पुरुष संध्याकाळी एकेक करून आमच्या गडग्यापाशी येऊन उभे राहायला लागले. कोणी म्हणे, सहज आलो. कोणी म्हणे, सिस्टरची तब्येत कशी आहे. ज्याने आयुष्यात सिस्टरकडे ढुंकून बघितलंन नाय, तो म्हणाला, म्हातारीला काय मदत लागली तर सांग हो, आणि त्याच्या लेंग्याच्या खिशातून ग्लास बाहेर आलेला. मी सगळ्यांना सांगत होतो की ही माती आहे. ते म्हणत होते, होय होय, आम्हाला पण थोडी माती दे.

तिसऱ्या दिवशी पोलीस आला. सिस्टरच्या परसात हातभट्टी चालते, असं कोणीतरी कळवलं होतं. शिपाई तरुण, कडक इस्त्रीचा. त्याने काठीने पिंपावर ठोकलंन आणि विचारलंन, यात काय आहे?

"माती," मी म्हटलं.

त्याने तोटी फिरवलीन, वाकून वास घेतलान आणि माझ्याकडे बघितलंन.

"अजून झाली नाय," मी म्हटलं.

मला रिक्षासकट न्यायचं त्याचं ठरतच होतं, तेवढ्यात फाटक वाजलं. सिस्टर. एसटीतून उतरून पाखाडी चढून आलेली, हातात पिशवी, केस विस्कटलेले. तिने पहिलं पिंप बघितलंन, मग मला, मग गडग्यावरची माणसं, आणि सगळ्यात शेवटी पोलीस. शिपायाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंन आणि म्हणाली, "तू लहानपणी डाव्या दंडावर सुई घ्यायची म्हणून कॉटखाली लपलेलास ना? आता उंच झालास. चल, भेटायची वेळ संपली, पेशंटजवळ गर्दी करू नका." शिपायाचा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. गडग्यावरची माणसं ग्लास लपवीत पांगली. शिपाई मला हळूच म्हणाला, यात चुना-बिना टाका, आणि निघून गेला.

मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. शिव्या खायची मला सवय आहे, त्या खाल्ल्या की मला बरं वाटतं. पण सिस्टरने पिशवी खाली ठेवलीन. पिंपाशेजारच्या दगडावर बसली, पिंपावर हात ठेवलान, आणि म्हणाली, "तिकडे ती जेवत नाही. इकडे हा पिऊन पडलाय. मी कोणाकडे बघू?"

मी पिंपावरचा माझा हसरा चेहरा हाताने पुसून टाकला. 

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही पिंप उपसलं. सुलू पण आली, माझ्यावर न रागावता, म्हणजे किती वाईट झालं होतं ते समजा. चिंध्या काढल्या. आंबलेला लगदा उन्हात पसरला, त्यात सोडणाचा चुरा, सुकं शेण आणि गाडीभर पातेरा मिसळला. सिस्टर मूठभर उचलून पिळायची. पाणी गळलं तर अजून पातेरा. शेवटी पिळून सोडलेल्या फडक्याएवढी ओल राहिली, तेव्हा परत भरलं, निम्मंच. मग रोज सकाळ-संध्याकाळ मी हॅंडल मारायचो, बरोबर बाजूने. सळई थंड. परत सळई, परत थंड. चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं. पिंपावरचा चेहरा रडका तो रडकाच.

आणि एका सकाळी मी सळई ओढली, मुठीत धरली आणि अशी फेकली की ती सुलूच्या वाळवणात जाऊन पडली. तळहाताला फोड. मी नाचतोय आणि सिस्टर हसतेय. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "आला. ताप आला रे त्याला." माझ्या हाताला मलम लावायचं तिला दुपारी आठवलं.

पिंपाचा ताप चढला, उतरला, परत चढला, आणि शेवटी कायमचा उतरला. झाकण उघडलं तर आत काळी, भुसभुशीत, हाताला मऊ माती. बोंडू कुठे गेले, कोबी कुठे गेला, पत्ता नाय. सिस्टरने स्टीलच्या डब्यात थोडी भरून घेतलीन आणि आम्ही लांज्याला गेलो.

मावशीने डबा उघडून घेतलान, बघितलंन, आणि तोंड फिरवलंन.  सिस्टर औषधं आणायला नाक्यावर गेली, तेव्हा मावशी मला जवळ बोलावून म्हणाली, "रिक्षावाल्या, तिला समजाव. कातळावर अबोली होत नाय म्हणून मी ती अट घातली. मी जन्मभर लोकांची भांडी उचलली. आता सिस्टरने माझं भांडं उचलायचं? ती उचलेल रे. तोंड वाकडं न करता उचलेल. मला ते बघवायचं नाय."

परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो, सांगू का नको. माझ्या पोटात काय राहत नाय. सांगून टाकलं. म्हटलं, सिस्टर, ती अट नव्हती, ती तुम्हाला नाय म्हणत होती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," सिस्टर म्हणाली. "पण नाही म्हणाली नाही ना? अट म्हणाली. मग अट पाळायची. आणि तू पुढे बघून चालव."

सड्यावर तिरड्याच्या फुलांचं रान माजतं, त्या ऐन पावसाच्या दिवसांत वाफा काठोकाठ भरला. अबोलीची रोपं लावली. सिस्टरने त्यांनाही तापाबिपाचं विचारायला सुरुवात केलीन, पण रोपं धट्टीकट्टी निघाली, पेशंट व्हायला तयारच होईनात. श्रावण सरता सरता पहिला तुरा आला. मग दुसरा. मग मोजायचं सोडलं. सिस्टरने लांज्याला फोन लावलान आणि फक्त एवढंच म्हणाली, "फुलली."  मग पलीकडून पुतण्याचा आवाज आला, काकू म्हणते, रिक्षा पाठवा.

मी रिक्षा धुतली. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ती नवी होती तेव्हा धुतलेली. लांज्याहून रत्नागिरीपर्यंत एकाही खड्ड्यात चाक घातलं नाय, यावर आमच्या स्टँडवरचे रिक्षावाले अजून विश्वास ठेवत नायत.

पुतण्याने आणि मी मावशीला खुर्चीसकट उचलून त्या मागच्या खोलीत नेलं आणि कॉटवर निजवलं. मावशीला एकाच कुशीवर वळता येतं, डाव्या. पुतण्याने तिला वळवलंन आणि मी बघतच राहिलो. तिची मान उशीवर, आणि उशीच्या बरोबर समोर खिडकी, आणि खिडकीच्या गजांपलीकडे, डोळ्यांच्या अगदी रेषेत, अबोली. उठायला नको, कोणी उठवायला नको. एक चिरा कमी असता तर नुसते गज दिसले असते.

आणि मी तिथे बैल बांधायला निघालो होतो.

मावशी खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "विकतची माती असेल."

सिस्टर बाहेर गेली, वाफ्यातली मूठभर माती आणलीन आणि मावशीच्या डाव्या हातात ठेवलीन. मावशीने ती नाकाशी नेलीन. हुंगलीन. मूठ मिटलीन. सिस्टरने तिला पेज भरवायला घेतलीन, तरी मूठ उघडलीन नाय. नंतर सिस्टर ओलं फडकं घेऊन हात पुसायला आली, तर मावशी म्हणाली, "राहू दे गो." मावशीच्या तोंडून सिस्टरला गो मी पहिल्यांदाच ऐकलं. इतके दिवस बाई, बाई चालायचं. सिस्टर फडकं तसंच हातात धरून कॉटच्या कडेला बसली. दोघी खिडकीबाहेर बघत होत्या.

आता अशी शांतता मला सोसत नाय.  म्हणून मी खाकरलो आणि मोठ्याने म्हटलं, "मावशे, ही माती बरं का, या हातांनी केलेली आहे. मी नसतो तर झालीच नसती."

मावशीने मान न वळवता म्हटलंन, "माती गांडुळं पण करतात रे. पण ती गप करतात."